हजेरी विकत मिळते, शिकवता येणं मिळत नाही

गेल्या ईदला राधानगरीला घरी होतो. मामूंची मुलगी बी.एस्सी. झाली आहे आणि तिच्या बी.एड.च्या प्रवेशाचं घरात चाललं होतं. तेवढ्यात एका कॉलेजच्या माणसाचा फोन आला. मामूंनी स्पीकर लावला. पलीकडचा माणूस अगदी आपुलकीनं सांगत होता, "चाचा, रोज यायची गरज नाही. फीमध्ये थोडे वाढवून द्या, हजेरीचं आम्ही बघतो. पाठांच्या फायली तयार मिळतात. परीक्षेला तेवढी मुलीला पाठवा."

फोन ठेवला तेव्हा घरात सगळे खूश होते. मुलगी घरात राहणार, पावसाळ्यात एसटीचा त्रास नाही आणि दोन वर्षांनी हातात डिग्री.

मी म्हणालो, "मामू, ही फसवणूक आहे." मामू म्हणाले, "कुणाची? आपण पैसे देतो, ते सर्टिफिकेट देतात. यात फसलं कोण?"

दोस्तांनो, मामूंच्या या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनी द्यायला हवं, कारण हा फोन फक्त आमच्याच घरी येत नाही.

आधी नियम काय सांगतो ते बघू. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार वर्षाला किमान २०० दिवस कामकाज, वर्गात ८० टक्के आणि आंतरवासितेत ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे छात्राध्यापकानं खऱ्या शाळेत काढायचे असतात. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, एकच कौशल्य: प्रश्न कसा विचारायचा, फळ्यावर कसं लिहायचं, चुकलेल्या मुलाला काय म्हणायचं. समोर सहाध्यायी मुलं होऊन बसतात आणि मागे प्राध्यापक निरीक्षण वही घेऊन. पाठ संपला की काय चुकलं ते सांगतात. मग तोच पाठ पुन्हा घ्यायचा.

या सगळ्याचा गाभा एकच आहे. तुम्ही शिकवता तेव्हा कोणीतरी जाणकार मागे बसून बघतो आणि तुमची चूक तुम्हाला दाखवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवा इंजिनिअर आला की त्याचा कोड दुसऱ्या कोणी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. हुशार असला तरी नाही. कॉलेजात आम्हीही एकमेकांची जर्नल्स उतरवून सबमिशन केलं, ते मी लपवत नाही. पण नोकरीत कोणीतरी रोज आमच्या चुका पकडल्या, म्हणून निभावलं. शिक्षकाचं तसं होत नाही. तो वर्गात शिरतो, दार लोटतो, आणि पुढची तीस वर्षं त्याची चूक पकडणारं मोठं माणूस आत नसतं. आत असतात ती मुलं, आणि चूक शिक्षकाची आहे हे मुलांना कळत नाही. त्यांना वाटतं, आपणच ढ आहोत.

म्हणजे मामू, फसलं ते चौथ्या बाकावरचं पोर, जे गणित आपल्याला जमणारच नाही असं मनाशी ठरवून शाळा सोडतं.

हा काही एका कॉलेजचा किस्सा नाही. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगानं २०१२ मध्ये शिक्षक-शिक्षणावर अहवाल दिला. त्या आयोगाची सुरुवातच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या प्रकरणातून झाली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं त्याच आयोगाचा हवाला देऊन नोंदवलंय की दहा हजारांहून जास्त स्वतंत्र अध्यापक संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिकवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात. हे विरोधकांचं भाषण नाही, सरकारचं स्वतःचं धोरण आहे. पुढची पायरी आपल्याच राज्यात दिसली. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन नापासांना पास केल्याचं उघड झालं आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यानं हजेरी विकत घेतली, त्याला पुढे गुणही विकत घ्यावेसे वाटले, यात नवल कसलं?

आता आपल्या समाजाकडे वळतो, कारण या मासिकात दुसऱ्यांवर बोट दाखवून थांबणं बरोबर नाही.

आपल्याकडे बी.एड. म्हणजे मुलीसाठी "सेफ" डिग्री. अर्ध्या दिवसाची नोकरी, लग्नाच्या बायोडेटात चांगली दिसते. मुलाला इंजिनिअर करायचं तर होस्टेलवर ठेवायला जमीन विकू, पण मुलीला शिक्षिका करायचं तर ती घरातून न हलता झाली पाहिजे! ज्या कामात माणसं घडतात त्याची तयारी आपल्याला सगळ्यात स्वस्तात हवी असते.

मामींनी मला सुनावलं, "तू होस्टेलवर शिकलास, तुला काय कळणार? पन्नास किलोमीटर कोल्हापूर. पावसात गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. पोरीला रोज कसं पाठवायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. फी आहे, प्रवास आहे, आणि एवढं करून भरती कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नाही. पण या अडचणीवर उत्तर काय काढायचं, ते आपल्याच गावाच्या इतिहासात लिहिलेलं आहे. राधानगरी वसवणाऱ्या आणि इथलं धरण बांधायला घेणाऱ्या शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, त्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. लांबच्या पोराला शिकायचं असेल तर त्याच्या राहण्याची सोय करा, हे त्यांचं उत्तर होतं. शंभरहून जास्त वर्षांनी आपण उत्तर शोधलंय की पोरीनं यायलाच नको! शाहूजयंतीला आपण मिरवणुकीत पुढे असतो. मग बी.एड. करणाऱ्या दहा मुलींसाठी कोल्हापुरात दोन खोल्या भाड्यानं घेणं आपल्या जमातींना आणि ट्रस्टांना का जमू नये?

शेजारच्या भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. ते उभं करणारे जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६६ च्या त्या अहवालाची एक मुख्य तक्रार अशी होती की अध्यापक महाविद्यालयं विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासून तुटलेली आहेत. आज काही कॉलेजं स्वतःच्या विद्यार्थ्यांपासूनही तुटली आहेत.

दुसरा मुद्दा जास्त टोचेल. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या महाराष्ट्रातल्या प्रकरणात, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावायची की नाही, तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्यानंतर आपल्या काही ग्रुपांवर आनंद होता: आपल्याला सूट! राज्यघटनेच्या कलम ३० नं आपल्याला संस्था चालवण्याचा हक्क दिलाय आणि तो हक्क जपायलाच हवा. पण तो हक्क संस्थाचालकाच्या सोयीसाठी आहे की मुलांच्या तालमीसाठी? आपल्या मुलांना कमी तयारीचा शिक्षक चालेल, असं म्हणणारे आपणच असू तर भेदभावाची तक्रार कोणत्या तोंडानं करायची? टीईटीनं चांगला शिक्षक ओळखता येतो, असंही मी म्हणत नाही. एका पेपरनं ते कळत नाही. पण सूट मागणाऱ्यानं आधी दाखवावं की आमची तयारी याहून कडक आहे.

आणि गोष्ट फक्त आपल्या शाळांची नाही. सच्चर समितीनं २००६ मध्येच सांगितलंय की शाळेच्या वयाची फार तर ३ ते ४ टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. राधानगरीत आमची पोरं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतच बसतात, इतरांच्या पोरांशेजारी. त्या वर्गात शिकवणारा कोणत्याही धर्माचा असो, त्यानं हजेरी विकत घेतली असेल तर नुकसान सगळ्यांचं सारखंच.

दरवर्षी ९ जानेवारीला आपण फातिमा शेख यांचं चित्र स्टेटसला ठेवतो. त्यांच्याविषयी कागदपत्रं थोडी आहेत, पण सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचं नाव आहे. आणि सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं. त्या काळात, तेवढा विरोध झेलून. चित्र लावायचं तर ती मेहनतही घ्यायला हवी.

म्हणून तीन गोष्टी करा. घरात कोणी बी.एड.ला जात असेल तर प्रवेशाआधी कॉलेजला विचारा: आंतरवासिता कोणत्या शाळेत, किती आठवडे, आणि पाठ बघायला कोण येणार? उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा. तुमच्या ओळखीत अल्पसंख्याक शाळेचे विश्वस्त असतील तर नव्या शिक्षकाचा पाठ वर्गात बसून कोण बघतं, ते विचारा. आणि मुलीच्या राहण्याच्या सोयीसाठी यंदाच्या वर्गणीतला एक हिस्सा मागा, न लाजता.

त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झाल्यावर मामूंची मुलगी पहिल्यांदा बोलली. "भाई, मला वर्गापुढं उभं राहायचीच भीती वाटते. तिथं न जाता ती कशी जाणार?" मामू गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोल्हापुरातल्या खोल्यांची भाडी विचारली.