आकडा कोणाच्या हाताला?

लेगोचा बोटभर माणूस १९७८ मध्ये आला. पुढची अकरा वर्षे त्याचा चेहरा एकच होता. दोन ठिपके आणि एक हसरी रेघ. १९८९ मध्ये समुद्री चाच्यांची मालिका निघाली आणि दाढ्या, मिशा, विस्कटलेले केस आले. चाचे जमवणाऱ्यांना हा इतिहास तोंडपाठ असतो. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट आली. कप्तान रेडबिअर्डच्या डोळ्यावर पट्टी होती, एका हाताच्या जागी लोखंडी आकडा होता आणि एका पायाच्या जागी लाकडाचा खुंट.

आता त्याच मालिकेतला दुसरा पक्ष पाहा. निळ्या डगल्यातले सरकारी सैनिक, त्यांचा गव्हर्नर, त्यांचा किल्ला. सगळे धडधाकट. तोफा दोन्ही पक्षांच्या जहाजांवर आहेत. गोळे दोन्हीकडून सुटतात. हातपाय मात्र एकाच पक्षाचे तुटतात. कायद्याच्या बाजूला उभा असलेला माणूस अखंड, कायद्याबाहेरचा तेवढा तुटका. मुलाला हे कोणी सांगत नाही. ते त्याच्या बोटांना कळते.

समुद्रावर असे कधीच नव्हते. तोफेचा गोळा जहाजाच्या लाकडात घुसला की फळ्यांच्या ढलप्या भाल्यासारख्या उडत आणि समोर असेल त्याला फाडत. ढलपी निशाण पाहत नसे. इंग्लंडचा सर्वांत मानाचा दर्यावर्दी नेल्सन. १७९४ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि १७९७ मध्ये उजवा हात कापावा लागला. राजाच्या आरमारातल्या जायबंदी खलाशांसाठी ग्रिनिचला १६९४ च्या सनदेने आश्रम स्थापन झाला. लाकडी पायांवर चालणारी माणसे तिथे राजाच्या आश्रयाने राहत होती. त्यांतला एकही खेळण्यांच्या पेटीत आला नाही.

पेटीत आला तो कादंबरीतला चाचा. स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्यातला एका पायाचा, कुबडीवर चालणारा जॉन सिल्व्हर त्याला सुचला तो आपला मित्र, कवी हेन्ली याच्यावरून. हाडाच्या क्षयाने हेन्लीचा पाय गेला होता. पांगळेपणातही टिकलेली त्याची जरब स्टीव्हन्सनला भावली होती आणि पात्राचे मूळ तिथे असल्याचे त्याने हेन्लीला पत्राने कळवलेही होते. म्हणजे पाय आला आजारातून, एका सभ्य गृहस्थाकडून, आणि लागला दरोडेखोराला. १९०४ मध्ये बॅरीने ‘पीटर पॅन’च्या कप्तानाला हाताऐवजी आकडा दिला. नाटके, चित्रपट आणि शेवटी खेळणी, सर्वांनी तोच साचा पुढे चालवला.

मला सर्वांत खटकते ते मात्र वेगळेच आहे. खऱ्या चाच्यांकडे तुटलेल्या अवयवांचे दरपत्रक होते. कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांबरोबर शल्यवैद्य म्हणून राहिलेल्या एक्सक्वेमेलिनने १६७८ मध्ये छापलेल्या पुस्तकात ते दिले आहे. उजवा हात गेला तर चांदीची सहाशे स्पॅनिश नाणी. डावा हात किंवा उजवा पाय गेला तर पाचशे. डाव्या पायाचे चारशे. डोळ्याचे शंभर आणि बोटाचेही शंभर. लुटीची वाटणी होण्याआधी ही रक्कम बाजूला निघे. नाण्यांऐवजी गुलाम घेण्याचीही मुभा होती, तेव्हा या लोकांना संत ठरवण्याचे कारण नाही. पण जखमी साथीदाराचा भार सगळ्यांनी उचलायचा, एवढे त्यांनी निघण्याआधीच कागदावर मान्य केलेले असे. खेळण्याने जखम उचलली, भरपाई सोडून दिली. तुटलेला पाय तेवढा उरला आणि तोही दुष्टपणाची खूण म्हणून.

चाचा मुलांना आवडतो, तो कप्तान आहे, कोणी त्याची कीव करत नाही, असे यावर म्हणता येईल. ते खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण आकड्याच्या हाताचा माणूस मुलाला भेटतो तो फक्त तलवार घेऊनच. तो टपाल वाटत नाही, आग विझवत नाही, पाव भाजत नाही. या बोटभर माणसाला त्याच्या मापाची तयार व्हीलचेअर मिळाली ती २०१६ मध्ये, बागेतल्या एका संचात, टोपी घातलेल्या तरुणासाठी. तीही ब्रिटनमधल्या पालकांनी ‘टॉय लाइक मी’ ही मोहीम चालवून जाहीर मागणी केल्यानंतर. लाकडी पाय आणि व्हीलचेअर यांच्यामध्ये सत्तावीस वर्षे गेली. लाकडी पायाचा साचा मागायला कोणालाही मोहीम काढावी लागली नव्हती.

संग्राहकांचाही यात वाटा आहे. आकडा कोणत्याही बाहीत बसतो. खुंट कोणत्याही कमरेला अडकतो. गव्हर्नरला लाकडी पाय लावायला एक क्षण पुरतो आणि नेल्सनच्या काळाला ते अधिक धरून होईल. पण संग्रहात असे करत नाहीत. मूळ संचात होता तसाच चाचा, मूळ होता तोच आकडा, यालाच किंमत. आकडा हरवला तर कप्तान अपुरा समजला जातो. म्हणजे हात नसणे हेच त्याचे पूर्ण असणे. आणि तो अपंग आहे हे कोणाच्याही यादीत लिहिलेले नसते. यादीत आकडा टोपी आणि तलवारीच्या रांगेत असतो.

१९८९ चे ते संच ज्या घरांत आहेत तिथली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत आणि बऱ्याच जणांच्या घरी आता लहान मुले आहेत. त्यांनी काचेच्या कपाटातून निदान एक खुंट आणि एक आकडा बाहेर काढावा आणि मुलांच्या रोजच्या खेळातल्या डॉक्टरला, बसचालकाला, पोलिसाला लावू द्यावा. बाजारभाव थोडा उतरेल. उतरू द्यावा.