आरशातले होकायंत्र चुकते तेव्हा
विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेल्या अनेक मोटारींत, चालकासमोरच्या आरशावर किंवा छताखालच्या पट्टीवर, बारीक अक्षरांत दिशा उमटते. गाडी जुनी झाली की ही अक्षरे कधी कधी बहकतात. सूर्य डाव्या हाताला मावळत असतो, आणि आरसा मात्र आपण दक्षिणेकडे चाललो आहोत असे सांगतो! अशी गाडी आपल्या घरी किंवा परदेशस्थ आप्तांकडे असेल, तर पुढील माहिती उपयोगी पडेल.

बहुतेक जण प्रथम जुळवणीचे बटण दाबतात. ही घाई बरी नव्हे. गाडीच्या पोलादात स्वतःचे थोडे चुंबकत्व असते. ते ओळखून हिशेबातून वजा करणे, एवढेच जुळवणीचे काम. त्या वेळी टपावर चुंबकाने बसवलेली एरियल किंवा आरशापाशी फोनचा चुंबकी स्टँड असेल, तर यंत्र त्यांचेही चुंबकत्व गाडीचेच समजते, आणि त्या वस्तू काढताच पुन्हा चुकू लागते. तेव्हा त्या आधी दूर कराव्यात.

मग नकाशावरून जिची दिशा पक्की ठाऊक आहे अशा सडकेवर गाडी न्यावी, आणि चारही दिशांना तोंड करून पाहावे. एका दिशेला बरोबर व उलट दिशेला चूक असे आढळले, तर दोष गाडीच्या चुंबकत्वाचा आहे असे समजावे. चूक सर्वत्र एकाच बाजूला झुकत असेल, तर यंत्रात भरलेला प्रदेशाचा क्रमांक तपासावा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील अंतर स्थलपरत्वे बदलते. अमेरिकेच्या वायव्येस सिअ‍ॅटलजवळ ते सुमारे १५ अंश पूर्वेकडे, तर ईशान्येकडील मेन राज्यात जवळजवळ तितकेच पश्चिमेकडे असते. म्हणून तेथील माहितीपुस्तिकांत क्रमांकित प्रदेशांचा नकाशा देतात. भारतात हे अंतर बहुतेक ठिकाणी दोन-तीन अंशांच्या आतच आहे.

जहाजावरील लोखंडाने होकायंत्र चुकते, याचा बारकाईने अभ्यास मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०१ ते १८०३ मधील आपल्या ऑस्ट्रेलियाच्या सफरीत केला. जहाज निरनिराळ्या दिशांना फिरवून ही चूक मोजण्याची नाविकांची रीत जुनीच आहे. मोटारीचा विधीही त्याच जातीचा.

त्यासाठी मोकळे मैदान निवडावे. विजेच्या तारा, लोखंडी पूल, सळयांचे काँक्रीट जवळ नसावे. (मुलांना तेवढा वेळ उतरवून सावलीत बसवावे, गोल फेऱ्यांनी त्यांना मळमळते.) पुस्तिकेत सांगितलेले बटण ‘कॅल’ किंवा ‘सी’ अशी अक्षरे दिसेपर्यंत दाबून धरावे आणि ताशी ८ किलोमीटरच्या आत, सावकाश, वर्तुळात गाडी फिरवावी. बहुधा दोन-तीन फेऱ्यांत अक्षरे मावळून दिशा उमटते.

पुष्कळ फेऱ्या घेऊनही अक्षरे हटत नसतील, तर आरशावरच्या छताचा पत्रा फारच चुंबकित झालेला असण्याचा संभव असतो. तो विचुंबकित करण्याचे विजेचे उपकरण जाणत्या कारागिराकडे मिळते. त्यानंतर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. तरीही फरक पडला नाही, तर यंत्रातील संवेदकच निकामी झाला असण्याचा संभव अधिक.