टाचेची वज्री आणि गालाचे यंत्र

मागील महिन्यात भाचीच्या लग्नासाठी बडोद्यास जाणे झाले. घरात पाहुण्यांची वर्दळ, अंगणात मांडव. पण नवरी मात्र आतल्या खोलीत तोंड फिरवून बसलेली. जवळ जाऊन पाहते तो दोन्ही गालांवर तपकिरी डाग!

हळूहळू हकीकत कळली. मुरुमांचे जुने डाग जावेत म्हणून दीड महिन्यापूर्वी तिने त्वचारोगतज्ज्ञांकडे ‘केमिकल पील’ करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी चेहऱ्याचे पापुद्रे सुटू लागले. ते लवकर निघावेत म्हणून तिने चेहरा घासण्याचे घरगुती यंत्र गालांवरून फिरविले. “मावशी, घरी आणखी काही वापरतेस का, असे डॉक्टरांनी विचारले होते. मला संकोच वाटला, मी नाही म्हटले.”

हे यंत्र म्हणजे काय, ते समजून घेऊ. ‘मायक्रोडर्माब्रेजन’ ही पद्धत १९८५ साली इटलीत निघाली. प्रारंभी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण त्वचेवर झोताने सोडून लगेच ओढून घेत. घरगुती यंत्रात बहुधा हिऱ्याची कणी बसविलेले टोक आणि हवा शोषणारा पंप असतो. त्याने त्वचेचा अगदी वरचा, मृत पेशींचा थर खरवडला जातो. हा थर जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटर जाडीचा. तळाची नवी पेशी वर येऊन गळून पडण्यास सुमारे चार आठवडे लागतात.

पील किंवा ट्रेटिनॉइनचे मलमही हाच थर सैल करते. त्यावर यंत्र फिरविणे म्हणजे घरातील दोघींनी एकमेकींस न विचारता आमटीत मीठ घालण्यासारखे आहे! आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीस इजा झाली, की ती रंगद्रव्य अधिक निर्माण करते आणि डाग पडतात. त्यात ऊन लागले, की ते अधिकच गडद होतात.

यंत्र सर्वस्वी त्याज्य आहे, असे नव्हे. त्याने त्वचा थोडी मऊ व तजेलदार दिसते. मात्र वांग किंवा मुरुमांचे खोल खड्डे त्याने जात नाहीत. वापरायचेच तर पुढील गोष्टी ध्यानी असू द्याव्यात. डॉक्टरांकडे जाताना घरातील यंत्र व सर्व मलमे पिशवीत घालून न्यावीत. पील वा लेसरपूर्वी यंत्र किती दिवस बंद ठेवायचे, ते त्यांनाच विचारावे. नंतरही लाली व पापुद्रे पूर्ण जाऊन त्यांची अनुमती मिळेपर्यंत त्यास हात लावू नये. पिकलेले मुरूम, इसब किंवा ओठांवरील नागीण असताना ते फिरवू नये. स्टेरॉइडयुक्त ‘गोरेपणाच्या’ मलमाने त्वचा आधीच पातळ झाली असेल, तर मुळीच नको. एकीचे टोक दुसरीने वापरू नये आणि उन्हात जाताना सनस्क्रीन विसरू नये.

आपल्या न्हाणीघरातील वज्री टाचेसाठी असते. ती गालावर फिरविण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. यंत्र नाजूक दिसते, म्हणून आपण फसतो इतकेच.

भाचीचे डाग आता उपचारांनी फिकट होऊ लागले आहेत. पूर्ण जाण्यास आणखी काही महिने लागतील. लग्नाच्या छायाचित्रांत मात्र ते राहिलेच. मैत्रिणींनो, वैद्यापाशी संकोच धरू नये. त्यास ठाऊक नसलेल्या गोष्टीवर तो उपाय तरी कसा सांगणार?