निकामी वाचनयंत्रांचा खर्च कोणाच्या माथी?

ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र वजनाने दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. बॅटरी थकली की ते निकामी होते, कारण बॅटरी आत डकवलेली असते आणि ती बदलून देणे विक्रेत्याला परवडत नाही. नवे यंत्र खपविणे परवडते. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने अशा उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला काढता आली पाहिजे, असे फेब्रुवारी २०२७ पासून बंधन घातले. भारतात तसे बंधन घालण्यास अडचण कोणती, याचा खुलासा व्हावयास हवा.

२०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रियेस गेला तो अवघा २२.३ टक्के. उरलेल्याचे काय होते, ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये दिसते. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, पट्ट्या आम्लात बुडविल्या जातात, आणि हे काम करणाऱ्यांच्या हातांत बहुधा मोजेही नसतात. वाचकाच्या सोयीची किंमत त्यांची फुप्फुसे मोजतात.

भारताच्या २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली. त्याने नोंदणीकृत केंद्राकडून प्रक्रियेची प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची. भाव पाडून मागितले जाऊ नयेत म्हणून सरकारने २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी विद्युत उपकरणांसाठी किलोमागे २२ रुपयांचा किमान दर ठरविला, तर काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हाच दर धरला तर हजारो रुपयांना विकलेल्या एका वाचनयंत्रामागे भार येतो सुमारे साडेचार रुपयांचा! एवढाही जड वाटावा, यात नवल नाही. आजवर तो भंगारवाल्याच्या अंगावर फुकट ढकलता येत होता.

प्रक्रियाकेंद्राला भाव कमी मिळाला की तो गोळा करणाऱ्याच्या वाट्यातून कापला जातो, आणि माल पुन्हा आम्लाच्या पिंपाकडे वळतो. म्हणून किमान दराबरोबरच त्यातील संकलकाचा हिस्साही नियमात लिहिला गेला पाहिजे. पुण्यातील ‘स्वच्छ’सारख्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना हे संकलन हक्काने मिळाले पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी गावोगावच्या वाचनालयांत जुन्या यंत्रांसाठी पेटी ठेवावी. चालू यंत्र आधी गरजू विद्यार्थ्याकडे जावे. मात्र मालकाने त्यातील आपले खाते काढून टाकावे. निकामी यंत्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण दबलेली लिथियम बॅटरी पेट घेते. फुगलेली बॅटरी टोचू नये, वेगळी ठेवावी. नोंदणीकृत केंद्राकडे माल सोपविताना पावती घ्यावी, आणि वजन आपल्यासमोर करवून घ्यावे.