चढा गांधार

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याहून मिरजेला आपांकडे गेलो होतो. भाचा बारावीत आहे. त्याच्या टेबलावर पंचवीस पट्ट्यांचा छोटासा कीबोर्ड दिसला. आम्ही कौतुकाने एक पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली, तरी नाही.

"मामू, त्यात आवाजच नसतो," भाचा हसत म्हणाला आणि त्याने वायर लॅपटॉपला जोडली.

खरेच नसतो. हा कीबोर्ड नुसते निरोप पाठवतो. कोणती पट्टी, ती किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्टीलाही आकडा, जोरालाही आकडा, दोन्ही 0 ते 127 च्या आतले. या आकड्यांच्या भाषेला 'मिडी' म्हणतात. 1983 साली दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये तिच्यामुळे प्रथमच एकमेकांशी बोलली. आवाज देते ते रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेले वाद्य. म्हणून एकदा वाजवलेली चाल आधी सतारीवर ऐकावी, मग बासरीवर. चुकलेला सूर माउसने उचलून जागेवर ठेवावा. शाळेच्या समूहगीतासाठी दरवर्षी पेटीवाल्यांची मनधरणी करणाऱ्या आम्हा शिक्षकांना याचा मोह पडला नसता तरच नवल!

मात्र पट्टी दाबली की आवाज जरा मागाहून येई. भाच्याने सेटिंगमध्ये 'बफर' 1024 चा 128 केला. सेकंदाला 44,100 नमुने या हिशेबाने 1024 जमायला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, 128 ला फक्त 3. फार कमी केले तर लॅपटॉपला झेपत नाही, आवाज तडतडतो. तेही झाले.

एवढ्यात दुलाभाई कारखान्यातून आले. ते तंबोरे बनवतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी ते सुरू केले आणि पुढे गल्लीलाच सतारमेकरांचे नाव मिळाले. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दुलाभाईंच्या हाताखाली आज शिकायला कोणी नाही, आणि घरचा मुलगा पट्ट्या बडवतोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

भाच्याने सॉफ्टवेअरमधला तंबोरा लावला आणि त्यावर पट्ट्यांनी सा, ग, प वाजवले. दुलाभाई टोपी काढता काढता थांबले. "गांधार चढा आहे."

आम्हाला काही कळले नाही. भाच्याला कळले. पट्ट्यांमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, एकेक भाग 100 सेंटचा. तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला आणि जवारी नीट लागली की तारेतून आपोआप गांधार उमटतो. तो पट्टीवरच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. दोन्ही एकदम वाजले की कानाला खुपते. कुठलेही मोजमाप न घेता दुलाभाईंनी ते ओळखले होते.

भाच्याने सॉफ्टवेअरमध्ये शोधून तेवढा एक स्वर 14 सेंट उतरवला. "आता?"

"आता बरा. पण तंबोरा कुणाचा आहे हा? जवारी बंद वाटते."

कुणाचा ते भाच्याला ठाऊक नव्हते. कुठे तरी कुणी तरी खऱ्या तंबोऱ्याची एकेक तार छेडून ध्वनिमुद्रित केलेली असते, पट्टी दाबली की तीच वाजते, एवढे त्याने सांगितले. दुलाभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपलाही भरता येईल?"

आमच्या मते बापलेकांत वर्षभरात झालेले हे पहिले कामाचे बोलणे. आपांनी दस्तरखान अंथरला तरी कोणी उठेना.

रात्री गल्लीतल्या मोटारसायकली थांबल्यावर, पंखा बंद करून, माईकसमोर तंबोरा ठेवला. भाच्याने पहिली तार छेडली. ती विझेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलो.

"पुन्हा घे," दुलाभाई म्हणाले, "सूत जरा सरकलंय." आणि घोडीवरचा दोरा बोटाने हलवू लागले.