‘बेअर’ ब्रायंट यांच्या नावावर जमा झालेले श्रेय

अमेरिकेच्या दक्षिणेत एक कथा गेली पन्नास वर्षे मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. १२ सप्टेंबर १९७० च्या रात्री बर्मिंगहॅमच्या लीजन फील्ड मैदानावर अलाबामा विद्यापीठाचा निव्वळ गोऱ्या खेळाडूंचा फुटबॉल संघ कॅलिफोर्नियाहून आलेल्या यूएससी संघाशी खेळला. पाहुण्यांच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय तरुणाने चेंडू घेऊन १३५ यार्डांची मजल मारली, दोन टचडाउन केले आणि अलाबामाचा ४२-२१ असा पराभव झाला. त्या एका रात्रीत म्हणे गोऱ्या अलाबामाचे डोळे उघडले. आणि हा सामना दूरदृष्टीने ठरवणारे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट वर्णभेदाचे निर्मूलक ठरले.

कथा रम्य आहे. कालक्रम मात्र तिच्या आड येतो.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडेसे. अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढण्याचा हा धसमुसळा खेळ. खेळणारे विद्यार्थी, त्या काळी शिष्यवृत्तीपलीकडे त्यांच्या हाती काही पडत नसे. पाहायला मात्र हजारोंची गर्दी लोटे, आणि जिंकून देणारा प्रशिक्षक राज्यात गव्हर्नरहून मोठा गणला जाई.

ब्रायंट यांची कीर्ती पोकळ नव्हती, हे प्रथम मान्य करू. १९१३ साली आर्कान्सातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्म. पोरवयात अस्वलाशी झुंजण्याचे आव्हान स्वीकारले म्हणून ‘बेअर’ हे नाव. मेरीलँड, केंटकी, टेक्सस ए अँड एम असा प्रवास करून १९५८ मध्ये ते आपल्या जुन्या विद्यापीठात, अलाबामात परतले आणि पंचवीस हंगाम तिथेच राहिले. सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे, कारकिर्दीत एकूण ३२३ विजय. डिसेंबर १९८२ मध्ये अखेरचा सामना जिंकला आणि महिन्याच्या आत, २६ जानेवारी १९८३ रोजी, त्यांचे निधन झाले. १९५४ मध्ये टेक्ससमधल्या जंक्शन गावी भर दुष्काळात पाण्यावाचून मुलांना राबवणारे त्यांचे शिबिर आजही पुरुषार्थाचा आदर्श म्हणून सांगितले जाते. मला त्यात क्रौर्याखेरीज काही दिसत नाही. पण तो वेगळा विषय.

आता तारखा पाहू. अलाबामा विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस आडवे उभे राहिले ते ११ जून १९६३ रोजी. त्याच दिवशी व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतलाच. म्हणजे वर्ग खुले झाले. फुटबॉलचे मैदान आणखी कित्येक वर्षे बंद राहिले. १९६७ मध्ये केंटकीच्या नेट नॉर्दिंग्टन यांनी या दाक्षिणात्य विद्यापीठांच्या गटातला फुटबॉलचा वर्णबंध तोडला, पुढच्या वर्षी टेनेसीकडून लेस्टर मक्लेन खेळले. अलाबामातही १९६७ च्या वसंतात पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीवाचून, स्वतःच्या हिमतीवर सरावाला उतरले. ब्रायंट यांनी त्यांना हाकलले नाही, हे खरे. पण त्यांच्यापैकी एकालाही मुख्य संघातून एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही.

मग १९६९ च्या उन्हाळ्यात विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. वकील होते यू. डब्ल्यू. क्लेमन नावाचे तरुण गृहस्थ. ब्रायंट यांना शपथेवर जबाब द्यावा लागला. दावा दाखल झाल्यावर काही महिन्यांतच ओझार्क गावच्या विल्बर जॅक्सन यांना शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली. हा योगायोग मानायचा असेल त्याने खुशाल मानावा.

आणि कनिंगहॅम धावत होते त्या रात्री जॅक्सन कुठे होते? प्रेक्षकांत. ते आधीच अलाबामाचे विद्यार्थी होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळण्यास तेव्हाच्या नियमांनी मनाई होती, एवढेच. जो दरवाजा आधीच किलकिला झाला होता, तो त्या पराभवाने उघडला कसा?

ब्रायंट यांचे कैवारी म्हणतात: वॉलेस सत्तेवर, समाज असा, एकटा माणूस काय करणार? उत्तर त्यांच्याच कारकिर्दीत आहे. १९५९ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात लिबर्टी बोलचा सामना ठरला. समोर पेन स्टेटचा संघ, त्यात एक कृष्णवर्णीय खेळाडू. वर्णद्वेष्ट्या मंडळांनी घरी गदारोळ केला. ब्रायंट तरीही संघ घेऊन गेले आणि कोणी त्यांच्या केसालाही धक्का लावू शकले नाही. ही घटना त्यांच्या बचावार्थ सांगितली जाते. मला ती आरोपपत्राचा सर्वांत भक्कम पुरावा वाटते. अलाबामातल्या दुसऱ्याच हंगामात ज्याचा शब्द इतका चालत होता, त्याने पुढची दहा वर्षे तो खर्च केला नाही.

खर्च केला तो कधी? १९६६ मध्ये अकराच्या अकरा सामने जिंकूनही मतदानात संघ तिसरा आला. निव्वळ गोरा संघ म्हणून मते गेली, असे अलाबामात आजही अनेक जण मानतात. १९६९ मध्ये सहा विजय, पाच पराभव. पुढच्या वर्षी जवळपास तेच. उत्तमोत्तम मुले सीमेपलीकडे जात होती. मग १९७१ मध्ये जॉन मिचेल अलाबामाकडून खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू झाले, दोन वर्षांनी तिथलेच पहिले कृष्णवर्णीय सहायक प्रशिक्षक; आणि त्या दशकात आणखी तीन अजिंक्यपदे आली. मिचेल यांना दिलेली जबाबदारी खरी होती, ते श्रेय ब्रायंट यांना द्यावेच. पण हिशेब जुळल्यावर दार उघडणाऱ्याला सुधारक म्हणू नये.

माझा संताप खरे तर ब्रायंट यांच्यावर कमी, कथाकारांवर अधिक आहे. कनिंगहॅम यांनी साठ मिनिटांत जे केले ते मार्टिन ल्यूथर किंग यांना वीस वर्षांत साधले नाही, अशा अर्थाचे वाक्य ब्रायंट यांच्या एका जुन्या सहायकाच्या नावावर फिरते आणि लोक ते कौतुकाने उद्धृत करतात. लीजन फील्ड बर्मिंगहॅममध्ये आहे. याच शहरात १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडले गेले. याच शहरात त्याच वर्षी १५ सप्टेंबरला चर्चमध्ये ठेवलेल्या बाँबने चार मुलींचा जीव घेतला. त्या मुलींचे शहर एका फुटबॉलच्या निकालाने शहाणे झाले, असे म्हणणे हा मृतांचा अवमान आहे.

याच काळात शेजारच्याच दक्षिणेत, लुईझियानातील ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात, एडी रॉबिन्सन १९४१ पासून संघ घडवत होते. गोऱ्या विद्यापीठांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही अशा मुलांचे संघ. १९८५ मध्ये त्यांनी ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला आणि ४०८ वर थांबले.

टस्कलूसाच्या मैदानाला ब्रायंट यांचे नाव १९७५ मध्ये, ते स्वतः तिथे प्रशिक्षक असतानाच, जोडण्यात आले. त्यांना न्यायालयात खेचणारे क्लेमन १९८० मध्ये अलाबामातले पहिले कृष्णवर्णीय संघराज्य न्यायाधीश झाले. सामन्याच्या कथेत त्यांचे नाव सहसा येत नाही.