पऱ्हाटीचा भाव उष्णतेवर ठरवा



कापसाला भाव मागता मागता आपली हयात गेली. आता पऱ्हाटीलाही गिऱ्हाईक आले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशाबरोबर किमान ५ टक्के शेतातला काडीकचरा जाळायला सांगितले. कोराडी, चंद्रपूर, पारस, परळी ही केंद्रे आपल्या उंबऱ्यावर आहेत. मुंबईच्या उपनगरांसाठी उभारलेले डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्रही कोळशाचेच. म्हणजे जोगेश्वरीच्या चाळीतला दिवा पऱ्हाटीवर लागू शकतो. पण व्यापारी म्हणतो, "कचराच तो. शेत साफ करून देतो, वर पैसे कशाचे?"

तो कचरा आहे का, हे भट्टीलाच विचारू.

वाळल्या पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. वीज केंद्रातला देशी कोळसा साधारण तेवढीच देतो, आणि वर ३० ते ४० टक्के राख टाकतो. पऱ्हाटीची राख त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

जळण्याचा वेगही पाहा. पेट घ्यायला प्रत्येक पदार्थाला उष्णतेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. पऱ्हाटीतून सव्वादोनशे-अडीचशे अंशांलाच जळाऊ वायू सुटू लागतात. कोळशाला साडेतीनशे-चारशेच्या पुढे जावे लागते. म्हणून काडी आधी पेटते आणि शेजारचा कोळसा तापवते. चुलीत आधी काटकी का घालतात, हे आपल्या मायबहिणींना शिकवावे लागत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. कोळसा पिठासारखा दळला जातो, चिवट पऱ्हाटी तशी दळली जात नाही. जाड तुकड्यात उष्णता आत शिरायला वेळ लागतो आणि तो अर्धवट जळतो. म्हणून आधी भुसा करून त्याच्या दाबून गोळ्या कराव्या लागतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यावर काम केले आहे. दुसरी गोष्ट ओलाव्याची. क्विंटलमध्ये ३० किलो पाणी असेल तर इंधन ७० किलोच, आणि ते पाणी उडवायला पुन्हा उष्णता जाते. तिसरी पालाशची. तो जळणाला वेग देतो, पण राख वितळवून बॉयलरच्या नळ्यांवर चिकटवतो. हा पालाश आपल्या मातीतून गेलेला आहे, हे विसरू नका.

गोळ्यांचा कारखानदार केंद्राला माल विकतो तो उष्णतेच्या हिशेबाने. मग आपल्याकडून मात्र ट्रॉलीच्या अंदाजाने का?

आपल्या मागण्या तीन :

१. खरेदी वजनकाट्यावर आणि ओलावा मोजून व्हावी. दर उष्णतेवर ठरावा.

२. भाव ठरवताना उपटणी, वाहतूक आणि शेताबाहेर गेलेला पालाश धरावा.

३. गोळ्यांचे यंत्र गावात, शेतकऱ्यांच्या मालकीचे असावे.

गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी हंगाम संपताच शेताबाहेर काढावीच लागते. घरच्या चुलीपुरती ठेवा, उरलेली वाळवून रचा. ज्वारीचा कडबा मात्र बैलाच्या तोंडचा आहे. तो कोणत्याही भावाने भट्टीला देऊ नका.

फुकट न्यायला आलेल्याला एकच विचारा : किलोला किती उष्णता, आणि उष्णतेला किती पैसे?